पेन्सिलीतली दुबई

लेकीने दुबईहून त्या भविष्याच्या संग्रहालयाची तिकिटं पाठवली. अंगठीसारखी मधून पोकळ, चकचकीत इमारत. पन्नास वर्षांनंतरचं जग आत दाखवतात म्हणे. "वेळ ठरलेली असते हं आई, उशीर चालत नाही," फोनवर तिने बजावलं.

त्या दिवसांचे दुधाचे खाडे मांडायला मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेले, तर यांनी आधीच शनिवारच्या चौकोनात लिहून ठेवलेलं: 'दुबई, संग्रहालय, अकरा वाजता.' पेन्सिलीने. गॅसचा नंबर, भिशी, लग्नकार्यं, आमच्याकडे सगळं कॅलेंडरवर पेनने लिहायचं, ही यांचीच शिस्त. ठरलं म्हणजे ठरलं, म्हणायचे.

"पेन्सिल का हो?"

"पेन सापडलं नाही," चष्मा पुसत ते म्हणाले.

पन्नास वर्षांपुढचं बघायला निघालेल्या माणसाला दोन आठवडे एवढे लांब वाटावेत? मला रागच आला. मी पेन आणलं आणि त्या अक्षरांवरून गिरवायला हात उचलला. तेवढ्यात त्याच पानावरचा आधीचा गुरुवार दिसला. तिथे यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बायोप्सीचा रिपोर्ट.'

पेनने.