वजा पाच, वजा आठ

शिगवण सरांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरायला लागला. आधी ते चहाच्या बशीत कळलं, मग सहीत, आणि शेवटी आकड्यांत. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हे हळूहळू वाढत जाणार. सरांनी एवढंच विचारलं, "अजून किती दिवस लिहिता येईल?" डॉक्टर म्हणाले, "जेवढं लिहायचंय तेवढं आताच लिहून घ्या." असल्या मोघम उत्तराला सरांनी परीक्षेत अर्धा गुणसुद्धा दिला नसता.

लिहायचं होतं ते एकोणीस वह्यांचं. संगमेश्वरजवळच्या हायस्कुलात एकतीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, ते सगळं त्या वह्यांत होतं. त्यांच्या जागी आलेल्या ज्ञानेश्वरी मॅडम मुलांना द्यायला म्हणून त्या केव्हापासून मागत होत्या. पण वह्यांना कसर लागलेली, दमट हवेने शाई फुटलेली. नव्याने उतरवून काढाव्यात तर हात ऐकेना. मुंबईत नोकरीला असलेली मुलगी राही गणपतीत आली ती टॅबलेट आणि त्याचं पेन घेऊनच. "बाबा, हात हलला तरी यात अक्षर छापील उमटतं. सॉफ्टवेअर मात्र तुम्ही निवडा, गणितातलं तुम्हाला जास्त कळतं," असं म्हणून ती दीड दिवसात परत गेली.

निवडा म्हणायला काय जातं! सर टॅबलेट पिशवीत घालून संगमेश्वरच्या स्टँडसमोर केरूच्या दुकानात गेले. झेरॉक्स, मोबाइल, ऑनलाइन फॉर्म, सगळं तिथे व्हायचं. दुकानावर देवाच्या नावाची छान पाटी होती, पण ती वाचून कोणी येत नसे. पंचक्रोशीत ते 'त्याज्याचं दुकान' होतं. केरू सरांचाच विद्यार्थी आणि हे नावही सरांनीच वर्गात ठेवलेलं, कुठल्याशा गणितावरून. समीकरणाची दोन उत्तरं आली आणि त्यातलं एक ऋण निघालं, की त्यापुढे 'त्याज्य' लिहून ते सोडून द्यायचं असतं. माणसाचं वय किंवा वाफ्याची लांबी काही वजा पाच नसते. तसलंच काहीतरी झालं होतं. नेमकं काय, ते सरांना आता आठवत नव्हतं. नाव मात्र गोडीगुलाबीने चिकटलं, असं त्यांना वाटे.

केरूने काही न विचारता चार सॉफ्टवेअर भरून दिली. "वापरून बगा सर. नको आसंल ता काढून टाकू."

सरांनी चौघांची परीक्षा घ्यायची ठरवली. वहीतली पाच गणितं निवडली, दहापैकी गुण द्यायचे म्हणून शेजारी लाल पेन ठेवलं, आणि पडवीत बसले. पहिल्यात सगळं टाइप करायचं होतं. वर्गमूळ हवं तर आधी तिरकी रेघ, मग इंग्रजी शब्द, मग महिरपी कंस. उमटायचं मात्र पुस्तकासारखं देखणं. एक अपूर्णांक लिहिता लिहिता सरांचा चहा निवला. दुसऱ्यातल्या पानाला काठच नव्हता; कुठेही लिहा, कितीही सरका. सकाळी लिहिलेलं प्रमेय दुपारी कुठे गेलं ते सापडेना. तिसरं साध्या वहीसारखं होतं, पण त्यात सरांची थरथर जशीच्या तशी उमटली. आपलंच अक्षर असं उजेडात बघून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ते लगेच बंद केलं.

"मगाधरनं बगतंय, काय करताव काय?" त्यांची बायको तुळसा म्हणाली. "जेवान गार झाला."

"पेपर तपासतोय."

"रिटायर झालाव ना?"

सर उठून ताटावर जाऊन बसले. आताशा त्यांना बोलायचाही कंटाळा येई.

चौथं मात्र कामाचं निघालं. वेडंवाकडं लिहिलेलं ते वाचायचं, छापील करायचं आणि वर गणित सोडवूनही दाखवायचं. फक्त सरांचे मराठी आकडे त्याला कळेनात. चार लिहिला की ते इंग्रजी आठ वाचायचं आणि एकाचा करायचं नऊ. राही फोनवर म्हणाली, "बाबा, इंग्रजी आकडे काढा ना." बासष्टाव्या वर्षी सर पुन्हा आकडे गिरवायला बसले. आठवडाभर मनगट दुखलं, पण जमलं. पाचातली चार गणितं बरोबर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना जरा हायसं वाटलं. या वेगाने दिवाळीपर्यंत सहा वह्या तरी झाल्या असत्या.

पाचव्या गणिताने घोळ केला. 'दोन संख्यांमधील फरक तीन आणि गुणाकार चाळीस आहे, तर त्या संख्या कोणत्या?' सरांच्या वहीत उत्तर होतं, आठ आणि पाच; ऋण किमतीपुढे 'त्याज्य' लिहिलेलं. सॉफ्टवेअरने आठ आणि पाच दिलं, आणि खाली आणखी एक जोडी दिली: वजा पाच, वजा आठ. सरांनी पुसून पुन्हा लिहिलं. तेच. आकडे तपासले, चार चारच होता. दोन दिवस ते त्या एका गणिताशी झटले आणि शेवटी लाल पेनाने शून्य दिलं. ऋण उत्तर टाकायचं असतं एवढं ज्याला कळत नाही, त्याच्या भरवशावर एकतीस वर्षांचं काम कसं टाकायचं? म्हणजे आता चौघंही नापास. हात तर रोज थोडा थोडा निकामी होत चाललाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते केरूकडे गेले आणि बाकावर टेकले. एवढ्यानेही त्यांना धाप लागली होती.

"ह्याला गणित येत नाही रे. काढून टाक."

"काय झाला सर?" केरूने टॅबलेट हातात घेतला. पडद्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. मशीनमधून कुणाचे तरी सातबारे एकामागून एक बाहेर पडत होते.

"ता गणित माजा," केरू म्हणाला.

"तुझं म्हणजे?"

"तुमी फळ्यावर घातलेलात. मी बोललो, सर, दोनी बसतात. पुस्तकातपन शेवटी दोनी दिलेली. तुमी बोललाव, छपाईची चूक हाय, खोडा सगल्यांनी." केरू अगदी शांतपणे सांगत होता, कुणाच्या तरी फॉर्मची माहिती सांगावी तसा. "मी खोडला नाय. मग तास संपंपर्यंत बाकावर उभा केलाव. तवाधरनं मी त्याज्या."

सरांनी खिशातलं पेन काढलं. झेरॉक्सचा एक वाया गेलेला कागद ओढून घेतला आणि पाठकोऱ्या बाजूला लिहायला लागले. हात इतका हलत होता, की केरूने कागदाचा कोपरा धरला. वजा पाचातून वजा आठ गेले, राहिले तीन. वजा पाच गुणिले वजा आठ, चाळीस. त्यांनी पुन्हा करून बघितलं. गणितात ना वय होतं, ना लांबी. नुसत्या संख्या होत्या, आणि संख्या ऋण असू शकतात, हे ते स्वतः दरवर्षी शाळेच्या पहिल्या आठवड्यात शिकवत आले होते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत कधीतरी त्यांनी 'त्याज्य' लिहिलं असणार. मग जुनी वही फाटली की नवीत तेच उतरवलं, आणि दरवर्षी वर्गातल्या पन्नास पोरांना पुस्तकातलं खरं उत्तर रेघ मारून खोडायला लावलं. शंका कोणालाच आली नाही. एकालाच आली होती.

"तू अकरावीला सायन्सला का गेला नाहीस रे?" सरांनी विचारलं. हे त्यांनी पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"गणित जमत नाय, आसा वाटला." केरूने खांदे उडवले. "आता ता जुना झाला, सर. ऱ्हवूदे काय मग हा सॉफ्टवेअर?"

सरांना त्याची माफी मागायची होती. शब्द अगदी साधे होते, पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या तोंडातून ते बाहेर पडेनात. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही थकवा जास्त वाटला. त्यांनी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि पेन केरूपुढे धरलं.

"राहू दे ते. शून्य मी चुकून दिलं. आणि हे तू खोड. माझा हात हलतो."

केरूने पेन घेतलं. 'त्याज्य' या शब्दावर त्याने एकच सरळ रेघ मारली, वर्गात शिकवलेली, खालचं वाचता येईल अशी. मग शेजारी दुसरी जोडी लिहिली. अक्षर सुरेख होतं त्याचं. हेही सरांनी कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी रिक्षातूनच हाक मारली, "ए त्याज्या, आधारची झेरॉक्स मिळंल काय रं?"

सरांनी चमकून वर बघितलं. केरूने वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि मशीनकडे वळला.

"मिळंल की," तो म्हणाला. "ये आत."