व्हॅनच्या छताला लागलेला हात

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीनं वाचते, पण खऱ्या कधी मानल्या नाहीत. आम्ही बौद्ध, घरात अंगारा-धुपारा नाही. माझ्या सासऱ्यांनी तर गावात अंगात येणाऱ्या बाईला चारचौघांत प्रश्न विचारून गप्प केलं होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं त्यांच्याही बाबतीत घडलंय...

गाव राळेगाव तालुक्यातलं, फाट्यापासून बरंच आत. कापसाची ती वाईट वर्षं होती. मी अंगणवाडीत, आणि माझे मिस्टर एक जुनी व्हॅन भाड्यानं चालवायचे. एस.टी. फक्त सकाळ-संध्याकाळ. त्यामुळे बाळंतीण असो की फवारणीचं विष बाधून पडलेला मजूर, यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला तीच व्हॅन.

असाच एक मजूर शेतात पडला तेव्हा मिस्टर जेवत होते. "आलोच," म्हणून ताटावरून उठले. मजुराला पोचवलं, तो वाचला. मिस्टर मात्र दवाखान्याच्या आवारात गाडीत बसल्या-बसल्याच गेले... हार्ट अटॅक. जवळ कोणी नव्हतं.

त्यानंतर व्हॅन कितीतरी महिने अंगणात उभी होती. उन्हानं छताचं आतलं कापड सुटून खाली लोंबलं, त्याच्यामागचा फोम भुगा होऊन सीटवर गळायचा. एकदा शेजारची बाळंतीण न्यायला सासऱ्यांनी गाडी काढली, तर ते कापड तिच्या तोंडावरच आलं. घाबरून रडली बिचारी. परत आल्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सुनंदा, हे नीट करू. गावाले गाडी लागते. मी चालवतो."

भर दुपारी आम्ही दोघं कामाला लागलो. जुनं कापड ओढून काढलं. पत्रा घासून साफ केला. पत्र्याला आणि नव्या कापडाला चिकटवायचं सोल्युशन लावलं. सगळी दारं उघडीच होती. कापड वर लावून झालं तसे मामाजी हात धुवायला हापशीवर गेले. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून, तळव्यांनी कापड मधून कडेला दाबत होते.

आणि पलीकडून कोणीतरी दाबलं.

पूर्ण तळवा... माझ्या तळव्याला लागून. कापडाच्या वर पत्र्याशिवाय काहीच नव्हतं, मघाशी मीच तो घासला होता! बोटं स्पष्ट लागत होती. करंगळी तेवढी वाकडी. मिस्टरांची करंगळी लहानपणी मोडून तशीच वाकडी जुळली होती.

भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. तोंडून एवढंच निघालं — "जेवले का तुम्ही?"

आणि मग मला रडू आवरेना. मामाजी धावत आले.

"काहून रडून राह्यली? काय झालं?"

मी त्यांचा हात धरून त्या जागी टेकवला. त्यांनी डोळे मिटले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "करंगळी लागली का तुले?"

मी त्यांना काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं.

"जाय बाबू आता," ते वर पाहून म्हणाले. "लय थकला तू. गाडी मी चालवतो."

मी पुन्हा हात लावला, तर नुसतं कापड. त्याच्यामागे तापलेला पत्रा.

ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात, सोल्युशनच्या वासानं डोकं भणभणतं, भास होतात. होत असतील... पण दोघांना एकच करंगळी कशी लागेल? मामाजींना मी एकदाच विचारलं, ते काय होतं म्हणून. म्हणाले, "मले नाही समजलं, बाई. पण माह्या पोराचा हात मले ओळखू येत नाही का?"

नजर अधू होईपर्यंत त्यांनी गाडी चालवली. आज ते नाहीत, व्हॅनही नाही. व्हॅन होती तोवर मी प्रत्येक वेळी उतरताना त्या जागी तळवा टेकवून थांबायची. मागे कोणी उतरायचं असलं, तरी थांबायची.

एकदाही कोणी दाबलं नाही.