ताकातलं समुद्राचं शेवाळ

तळोद्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान. वडील राजस्थानातून आले, मी इथेच जन्मलो. समुद्र अजून पाहिलेला नाही. तरी गेल्या पावसाळ्यात तो आमच्या घरात आला. मीच आणला.

बायकोला थायरॉईड. पहाटे उपाशीपोटी गोळी घेऊन ती खिडकीशी उभी राहायची. समोर सातपुड्यावर ढग उतरलेले असायचे आणि मला वाटायचं, ही हळूहळू त्यांच्यात विरघळत चाललीय. सौराष्ट्रातून मीठ आणणाऱ्या व्यापाऱ्याने एकदा हिरवट भुकटीची पुडी दिली. समुद्रातलं शेवाळ, नैसर्गिक आयोडीन, गोळीच सुटेल म्हणाला.

आम्ही जैन. शेवाळात अनंत जीव. खाणं तर सोडाच, मागच्या ओट्यावर शेवाळ धरलं की बायको त्यावर पायही ठेवत नाही, लांबून वळसा घेते. पण अष्टमी-चतुर्दशीच्या तिथीला हिरवी भाजी बंद असते तेव्हा वाळवलेली केर-सांगरीची राजस्थानी भाजी चालतेच ना, मग हेही वाळलेलंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिला विचारलं नाही. दुपारचं ताक मीच करायचो. त्यातल्या जिऱ्यात चिमूटभर मिसळत गेलो.

"जिऱ्याला तळ्याचा वास येतोय," ती एकदा म्हणाली. "गिऱ्हाईक घेत नाही ते घरी आणता वाटतं." मी हसून वेळ मारून नेली.

मग तिला पाण्याची स्वप्नं पडू लागली. घर पाण्याखाली, भांडी संथ तरंगताहेत. ती सांगायची आणि मला ते गोड वाटायचं. पण तिचा चेहरा सुजत गेला, भरदुपारी ती बसल्या बसल्या पेंगू लागली. रिपोर्ट बिघडला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी नवीन काही सुरू केलंय का विचारलं. ती मनापासून नाही म्हणाली. मी पंख्याकडे बघत राहिलो.

परतताना गाडीत सगळं सांगितलं.

"विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "म्हणूनच तुम्ही नाही विचारलं."

घरी आल्यावर प्रायश्चित्ताचा उपास धरते म्हणाली. मीही धरतो म्हटलं.

"उपास माझा मी करीन. तुम्ही डॉक्टरांना फोन करा. माझ्यासमोर."

केला. शेवाळाचं ऐकून डॉक्टर म्हणाले, मिठातलं आयोडीन त्यांना पुरे होतं, वरून दिलेलं उलटतं कधीकधी, आजच बंद करा. मग विचारलं, त्यांना हे घ्यायला सांगितलं कोणी?

"तिने घेतलं नाही," मी म्हणालो. "मी दिलं. तिला ठाऊक नव्हतं."

तेव्हा कुठे तिने माझ्यावरची नजर काढली, आणि ती आत गेली.