दगडू मास्तरांचं कॉलेज

पाटोद्याच्या शाळेत आम्ही तिघं मास्तर. मी, मौलवीसाहेब आणि दगडू. तिघंही नुसते मॅट्रिक, कॉलेजची पायरी एकानंही चढलेली नव्हती. तरी मधल्या सुट्टीत विषय निघायचा तो कॉलेजचाच! त्यातून किस्से इतके साचले, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो. बहुतेक सगळे दगडूचे.

*

दगडू धनगराचा. मॅट्रिक झाला तेव्हा त्याला वाटलं, आता निजाम सरकार वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती देईल अन् कॉलेजात धाडील. वजीफे मोजकेच, मिळाला नाही. फी भरायची घरच्यांची ऐपत नव्हती. तरी गडी हैदराबादेला जाऊन कॉलेज नुसतं बघून आला!

"कसं हाय बे?" मी विचारलं.

"खिडक्या लई मोठ्या. अन् आतलं एकबी पोरगं बाहीर बघत नव्हतं!"



*

गावातल्या देशमुखांचा बापू घरच्या पैशावर कॉलेजात शिकायला गेला. सुट्टीत आला, की दगडू त्याच्या मागं.

"इतिहासाच्या तासाला काय शिकवलं?"

"त्या तासाला मी गेलोच नाही."

दगडू घाबरला. "कावून? आजारी हुता?"

"छे! कंटाळा आलता."

दगडू त्याच्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "कंटाळा? म्हंजी नेमकं काय झालतं?"

*

दगडूच्या लग्नात सासऱ्यानं हौसेनं विचारलं, "जावईबापू, काय पायजे? आंगठी? घोडं?"

"कॉलेज," दगडू म्हणाला.

सासरा शेजाऱ्याच्या कानाला लागला, "पाटोद्याच्या बाजारात मिळंल का हो?"

*

एकदा शाळा तपासायला बडे साहेब आले. मौलवीसाहेबांनी धीर केला. "हुजूर, ज्याला अक्कल आहे त्याला कॉलेज मुफ्त असावं. खर्च सरकारनं सोसावा."

साहेब हसले. "सगळेच कॉलेजात गेले, तर मेंढरं कोण राखणार?"

 दगडू हात जोडून उभा राहिला. "सायेब, बापानं मला राखायला दिलती. मी पुस्तक वाचत बसलो अन् लांडग्यानं दोन नेली. मेंढरांच्या भल्यासाठी तरी मला धाडा!"

साहेब पोट धरून हसले. वजीफा काही आला नाही.

*

आला तो फार वर्षांनी. दगडूच्या हाताखाली शिकलेल्या नामदेवला! फी, राहणं, खाणं, सगळं सरकारचं. दगडू त्याला बैलगाडीनं, मोटार मिळायची त्या मांजरसुंब्यापर्यंत पोचवायला म्हणून गेला, तो पुढच्या आठवड्यात उगवला.

मौलवीसाहेब तापले. "होतास कुठं?"

"पोरगं एकटं भीत हुतं," दगडू म्हणाला अन् वर्गावर गेला.

नामदेव सुट्टीत आला, तेव्हा मौलवीसाहेबांनी त्याला धरलं. "काय रे, तू भीत होतास?"

"न्हाई जी. मास्तरच म्हणले, वर्गापस्तोर येतो. मग माझ्याशेजारी बसलेच. प्रोफेसर हजेरी घेऊ लागले. माझं नाव पुकारलं..."

"मग?"

"मी तोंड उघडायच्या आधी मास्तरच म्हणले, 'हाजिर!'"