पलंगाचा कठडा

वडील झोपेत पडू नयेत म्हणून त्यांच्या पलंगाला मीच लोखंडी पाइपांचा कठडा वेल्डिंग करून घेतला होता. त्यांचं तेरावं झालं आणि आई म्हणाली, "आता त्या पलंगावर मी झोपेन. तेवढा कठडा कापून दे."

जळगावातल्या हार्डवेअरच्या दुकानात शेठनी ग्राइंडर पुढे केला. "दोन मिनिटांत पाइप आडवा." मला तेच हवं होतं, एकदाचं उरकायचं होतं. तेवढ्यात आईचा फोन आला. काय घेतोय ते सांगितलं, तर म्हणाली, "मशीन नको आणू रे. यांना आवाज सोसत नाही."

मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला आणि हॅक्सॉ मागितला.

"अहो भाऊ, उगाच हात कशाला दुखवून घेता?" शेठ काही ग्राइंडर सोडेनात. मला चीड आली.

"घरात आजारी माणूस आहे," मी म्हणालो.

शेठ एकदम हळू बोलायला लागले. बारीक दातांचं ब्लेड काढून दिलं. "तेल सोडत सावकाश चालवा. फार आवाज होणार नाही."

घरी येऊन चारही पाइप तसेच कापले. अख्खी दुपार गेली, पण आवाज होऊ दिला नाही.