मागून बघणारा

रेवणसिद्ध गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मोहोळच्या अलीकडं एका टपरीवर, माझ्या ट्रकनं एकदा वाऱ्यालाच कसं ओव्हरटेक केलं ते सांगत होतो. ऐकता ऐकता चहावाल्याचा चहा दोनदा उतू गेला होता. महानंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले." आयुष्यभर लोक मला विचारत आले, 'दस्तगीर, खरं सांगतोस का?' त्या दिवशी तो प्रश्न मी विचारला...

रेवण आणि मी शाळेत एका बाकावर. पुढं तो इंजिनिअरिंग कॉलेजात वाऱ्याचं गणित शिकवायला लागला आणि मी ट्रक घेऊन वारा खायला लागलो. निवृत्त झाल्यावर मात्र त्यानं माझ्या ट्रकचा पिच्छाच धरला. चादरीच्या कारखान्यातून लाल सूत आणलं आणि बंद बॉडीच्या मागच्या सपाट दारांवर शंभरेक धागे चिकटवले. (मी गावभर दहा हजार सांगितले.) मी ट्रक पळवायचा आणि त्यानं स्कूटरवरून मागं राहून धागे कुठं वळतात ते बघायचं. "दस्तू, तोंडावर आदळणारा वारा सगळ्यांना कळतो. खरा चोर मागं हाय," तो म्हणायचा. "बाजूनं गेलेला वारा सपाट पाठीमागं नीट मिटत न्हाय. भोवरे सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तिथला दाब पडतो आणि ट्रक मागं ओढला जातो. तुझं डिझेल त्यात जातंय."

"म्हणजे आमच्या भाऊबंदांसारखंच की," मी म्हणालो.

मग त्यानं खोक्याची झाकणं अर्धवट मिटावीत तशा प्लायवूडच्या चार फळ्या मागच्या कडांना आत कलवून बसवल्या. पिसाळलेले धागे बरेच शांत झाले म्हणे. पण रेवणला पुरावा हवा होता. मोहोळच्या पुढं जुन्या रस्त्याचा एक सरळ, ओसाड तुकडा आहे. तिथं ट्रक साठावर आणायचा, न्यूट्रल करायचा आणि आपोआप थांबेल तिथं कडेला दगड रचायचे. आधी फळ्या काढून, मग फळ्या लावून. "साठाला न्यूट्रल. एकसष्टबी नको," त्यानं बजावलं होतं. कॉलेजातली पोरंठोरं त्याच्या धाग्यांना हसत होती, हे मला ठाऊक होतं. फळ्या लावलेल्या फेरीला माझा पाय जरा जड झाला... काटा पासष्टला गेला, मग न्यूट्रल केलं. ट्रक वरातीच्या घोड्यासारखा थांबायचं नावच घेईना.

रेवण स्कूटरवरून उतरला. दगडांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "लई लांब आला की रे."

"फळ्या कुठल्या, पंख हायत पंख!" मी ओरडलो. त्यानं दगड रचले. वहीत मात्र काही लिहिलं नाही.

पुढं रेवण आजारी पडला. शेवटी दवाखान्यात मीच सांगून टाकलं. "रेवण, त्या दिवशी पासष्ट होतं."

तो हसला, खोकला. "ठाऊक हाय. मागं मीच होतो की. स्कूटरलाबी काटा असतोय."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो... बरा झालो की परत एक फेरी मारू. साठाला."

परवा फळ्या लावून एकटाच गेलो. बरोबर साठ. न्यूट्रल. दोन्ही आरशांत मोकळा रस्ता. ट्रक आपल्या आपण थांबला तेव्हा एवढी शांतता झाली, की मला गप्पा मारायला स्वतःशिवाय कुणी उरलं नाही. माझ्या थापेचे दगड लांब पुढंच राहिले होते. फळ्यांशिवायच्या पहिल्या दगडांपासून चालत आलो, तर ट्रक सत्तेचाळीस पावलं पुढं होता. तीनदा मोजली. एकही वाढवलेलं नाही. रेवण, तुझ्या फळ्या चालतात रे!

मागं जाऊन बघितलं, तर लाल धागे गप लोंबत होते. थांबलेल्या ट्रकचे धागे काही सांगत नाहीत, आणि ट्रक पळतो तेव्हा मी पुढं असतो. ते अजून काढलेले नाहीत. कधी पुणे रस्त्याला माझ्या मागं आलात, तर ओव्हरटेकची घाई करू नका. थोडं मागंच राहा... आणि धागे कुठं वळतात, तेवढं मला सांगा.