मंगळीनं निरगुडीवर टाकलेली अमरवेल

डोळखांबच्या वरच्या पाड्यावर कुणाचे डोळे पिवळे झाले, की पावलं मंगळीच्या दारी वळायची. बाई तोंडाची फटकळ, पण हाताला गुण आहे म्हणायचे सगळे. बोरीवर माजलेली अमरवेल ओरबाडून ती माळ करायची, आजाऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दुसऱ्या सकाळी कुंपणाच्या सुक्या काट्यांवर टाकायची. वेल सुकली की कावीळ सुकली. तोवर आजाऱ्यानं शीव ओलांडायची नाही. आता बहुतेकांची कावीळ आपसूकच उतरायची, पण नाव मंगळीचं व्हायचं.

या कार्तिकात तिच्याच पोरीचे, प्रेमाचे, डोळे हळदीसारखे झाले. एकुलती एक लेक, कॉलेजात जाणारी. मंगळीला काही सुचेना. माळ केली, घातली, काढली. आणि त्या गडबडीत काट्यांवर टाकायची ती टाकली निरगुडीच्या हिरव्यागार कुंपणावर. काय म्हणावं या बाईला!

रोज उठली की ती वेल बघायची. सुकणं राहिलं बाजूला, वेल आपली तकतकीत होत चाललेली. इकडे प्रेमा ओकून ओकून अर्धी झाली. शेजारीण बारकी कळवळली, "अगो, हिला शहापूरच्या दवाखान्यात ने. माझ्या दिराची जीप हाय."

"वेल सुकू दे. आताच शीव ओलांडली तं पोर हाती लागायची नाय," मंगळी खेकसली. आणि पुन्हा कुंपणाकडे वेल बघायला गेली.

एका सकाळी प्रेमा ग्लानीत बरळायला लागली. मंगळी पिसाळल्यासारखी कुंपणाकडे धावली आणि वेल ओढू लागली. सुटेल तर शपथ! या वेलीला ना मूळ, ना पान. पण जिथं जिथं निरगुडीला वेढा पडला होता, तिथं तिथं तिच्या बारीक सोंडा सालीत रुतल्या होत्या. दुसऱ्याचा रस पिऊन जगणारी अवदसा, हिरव्या फांदीवर ती सुकणार कशी? हे मंगळीला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! जन्म गेला तिचा त्या वेलीत.

"जळली माझी अक्कल! बारके, जीप काढायला सांग गो!"

शीव कधी मागे पडली, तिनं पाहिलंही नाही. मागच्या सीटवर प्रेमाचं डोकं तिच्या मांडीवर, बारकी पायांशी. "प्रेमा, बाय माझी, बघ गो माझ्याकडं," ती रडत विनवत होती.

प्रेमानं पिवळे डोळे उघडले. मंगळीचा हात बाजूला सारत ती बारकीला म्हणाली, "ही कोण गो? हिला उठव ना. माझ्या आयेला बोलव."